निळ्या मॅटवरचे पांढरे पंजे

"मला अख्खी मॅट नकोय. प्रत्येकीचा एक तुकडा हवाय, तळहाताएवढा," निकिता म्हणाली, तेव्हा एम.जी. रोडवरच्या खेळसाहित्याच्या दुकानदाराने आधी तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या हातातल्या वहीकडे.

"तुकडा? चपलेला तळवा लावायचाय का, ताई?"

"नाही. किती अंशांवर घसरतंय ते बघायचंय."

दुकानदाराला काही कळलं नाही, पण ही मुलगी नुसत्या गप्पांनी जाणारी नाही, एवढं कळलं. त्याने काउंटरखालून रोल कापताना उरलेल्या कडा काढल्या. एक करडी, जाड, फोमची. बारा मिलिमीटर, अख्खी मॅट दोनशे ऐंशी रुपये. एक निळी, जाळीदार वीण असलेली. चार मिलिमीटर, तीनशे चाळीस. आणि काचेच्या कपाटात एकटीच गुंडाळून ठेवलेली काळी, अस्सल रबराची, बाहेरच्या देशातून आलेली, अठराशे. काळीला काही तो कात्री लावू देईना. निकिताने तिच्यावरून नुसता हात फिरवला, तर हात जागच्या जागी धरला गेला. तिने वहीत लिहिलं, 'बहुतेक उत्तम. बजेटच्या साडेतीन पटींहून जास्त.'

बजेट होतं पाचशे रुपये, आणि ते शकुमावशीचं होतं.

शकुमावशी म्हणजे निकिताच्या शेजारच्या शकुबाई. माहेर दिंडोरीकडचं, वय चौपन्न, आणि सातपूर कॉलनीतल्या समाजमंदिरात गेली सव्वीस वर्षं उडदाचे पापड लाटायचं काम. कमरेला आराम म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथे पापड लाटणाऱ्या बारा जणींनी तिथल्याच फरशीवर रोज सकाळी तासभर योगासनं सुरू केली. बाकीच्यांची कंबर मोकळी झाली. शकुमावशीचं मात्र वेगळंच निघालं. तिला मयूरासन जमायला लागलं. दोन्ही तळहात जमिनीवर, बोटं पायांकडे वळवलेली, कोपरं पोटात रोवलेली, आणि बाकीचा देह फळीसारखा आडवा, हवेत. शिकवायला येणाऱ्या सरांना स्वतःला ते पाच सेकंदांपलीकडे टिकत नव्हतं. "सव्वीस वर्षं लाटणं फिरवलंय, सर," शकुमावशी म्हणाली होती, "मनगटात दुसरं काय असणार?"

मागच्या वर्षी सरांनी तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवलं, पन्नाशीपुढच्या महिलांच्या गटात. मावशीने दोनशे माणसांसमोर अंग वर उचललं आणि दुसऱ्याच क्षणाला तिचे हात पुढे सटकले. हनुवटीला तीन टाके पडले. पण टाक्यांपेक्षा जास्त लागलं ते हसणं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं होतं, "मोर पडला रे!"

यंदा तिने पुन्हा नाव दिलं. मुलगा संतोष चिडला. "आई, या वयात दात पडतील!" शेवटी मायलेकांत तह झाला. स्पर्धेआधी सरावात एकदा जरी हात घसरले, तरी नाव मागे घ्यायचं. मावशीने देव्हाऱ्यावर हात ठेवून तसं कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी पाचशेची नोट घेऊन निकिताच्या दारात उभी राहिली.

"निके, तू शिकलेली हायेस. रबराच्या कारखान्यात हायेस. मला न घसरणारी चटई आणून दे. जुनी सतरंजी आता नाय चालायची."

निकिता भौतिकशास्त्रात पदवीधर झाली त्याला आठ महिने झाले होते. सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात ती रबराच्या वॉशरची जाडी मोजायची, दिवसाला चारशे. चारशे वॉशर, चारशे आकडे, आणि त्यातला एकही आकडा कुणाच्या स्वप्नात येण्यासारखा नव्हता. मावशीची नोट हातात आली तशी तिच्या अंगात वीज खेळली. हा खरा प्रश्न होता! घर्षणाचा! आणि उत्तरासाठी हातात बरोबर तीन आठवडे.

एम.जी. रोडवरून ती पंचवटीत गेली. तिथे पूजासाहित्याच्या दुकानात दर्भाची चटई होती, नव्वद रुपयांची. दुकानातल्या आजोबांनी प्रामाणिकपणे विचारलं, "कशासाठी पाहिजे? जपाला बसायला हिच्यासारखं आसन नाही. उड्या मारायला घेत असशील तर नको." "हातांवर उभं राहायचंय," निकिता म्हणाली. आजोबांनी चष्मा वर केला. "मग अजिबातच नको." तरी तिने एक तुकडा मागून घेतलाच.

रविवारी कारखाना बंद असताना तिने साहेबांच्या परवानगीने तपासणीची खोली उघडली. एक गुळगुळीत फळी घेतली, तिच्या एका टोकाखाली जॅक लावला आणि बाजूला कोनमापक टांगलं. तळहाताच्या जागी दोन किलोचं पितळी वजन, त्याच्या बुडाला मऊ चामडं गुंडाळलेलं. फळीवर मॅटचा तुकडा चिकटवायचा, त्यावर वजन ठेवायचं, आणि जॅक हळूहळू वर. ज्या कोनावर वजन सुटेल, तो लिहायचा. प्रत्येक तुकड्याचे दहा प्रयोग.

दर्भ सतरा अंश. घरातली जुनी सतरंजी चोवीस. जाड फोम तेहतीस. निळी अडतीस!

निळी अडतीस, आणि दहाही वेळा जवळजवळ तोच आकडा. निकिताने रिकाम्या खोलीत टाळी वाजवली. फोमही वाईट नव्हता, पण त्यावर तिने स्वतःचा तळवा दाबून बघितला तेव्हा मनगटाचा भाग खोल रुतला आणि बोटं वर राहिली. हातांवर तोल सांभाळणाऱ्याला ही गादी उपयोगाची नाही. पातळ आणि चिवट हवी. वहीत तिने निळीभोवती दोनदा चौकट केली आणि संध्याकाळी जाऊन अख्खी निळी मॅट आणली.

सोमवारी सकाळी समाजमंदिरात ती निळी मॅट उलगडली गेली, तेव्हा बाराही जणी हातातलं टाकून गोळा झाल्या.

"अगं बाई, येवढ्याशा चिंधीला साडेतीनशे?" भागुबाई म्हणाली. भागुबाई मावशीची जन्माची मैत्रीण, पोळपाटाला पोळपाट लावून बसणारी. "येवढ्यात तर मला लुगडं आलं असतं."

"लुगड्यावर उभी राहतेस का हातांवर?" मावशी म्हणाली. तिने पदर खोचला, तळहात टेकवले, कोपरं आत घेतली, आणि बघता बघता पाय जमिनीवरून सुटले. निकिताने घड्याळ धरलं. पाच... दहा... चौदा! हात तसूभर हलले नव्हते. मावशी खाली आली ती हसतच.

"धरती हो ही! हाताला धरून ठेवती!"

सलग पाच दिवस तसंच झालं. चौदाचे अठरा झाले. निकिता रोज कामावर जाण्याआधी आकडा लिहायची आणि सायकलवरून शीळ घालत जायची. आपला प्रयोग चालतो आहे, ही भावना काय असते हे तिला कॉलेजात कधी कळलं नव्हतं.

शनिवारी सरांनी रंगीत तालीम ठेवली. शेजारच्या दोन गटांतल्या बायका बोलावल्या; लोकांसमोर करायची सवय व्हावी म्हणून. पन्नासेक बायका भिंतीला टेकून बसल्या. संतोषही दाराशी येऊन उभा राहिला. मावशीच्या समोर खबरदारी म्हणून घडी घातलेली गोधडी ठेवली होती. ती मॅटवर बसली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, हात टेकवले, पाय उचलले...

आणि हात सटकले. मावशी गोधडीवर तोंडघशी आली.

लागलं काहीच नाही. कुणी हसलंही नाही. पण ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला होता. ती संतोषकडे बघून एवढंच म्हणाली, "देवासमोर बोललेय मी. नाव काढून टाक."

"हो," संतोष म्हणाला. पण तेही त्याला धड म्हणवेना.

निकिता मॅटसमोर तशीच बसून राहिली. अडतीस अंश. पाच दिवस अडतीस अंशांसारखं वागलेली मॅट सहाव्या दिवशी एकाएकी बदलते कशी? मॅट तीच, हात तेच, फरशी तीच. काहीतरी बदललेलं असणारच. तिने वाकून मॅट उजेडाकडे तिरपी धरली.

निळ्यावर दोन पंजे उमटले होते. पांढरे. एका टोकाला गोल, आणि दुसऱ्या टोकाला चार चार बोटं लांब ओढलेली, शेपटासारखी.

तिने बोटाने ते पांढरं उचललं. चोळलं. जिभेला लावलं.

"पिठी!" ती इतक्या जोरात ओरडली की दारात चपला घालणाऱ्या बायका थांबल्या. "मावशी, तुम्ही हाताला पिठी लावलीत?"

"मी? छ्या! मी कशाला लावू?"

"लावलीस की," भागुबाई शांतपणे म्हणाली. "बसल्या बसल्या. उजवीकडं माझं ताट व्हतं, त्यात हात घातलास अन् झटकलास. मी बघितलं."

मावशी स्वतःच्या तळहातांकडे परक्याचे असल्यासारखी बघायला लागली. बोटांच्या बेचक्यांत पांढरं अजून होतं. सव्वीस वर्षं हात ओला झाला, चिकट झाला, की उजवीकडच्या ताटातली पिठी घ्यायची. त्याशिवाय लाटी पोळपाटाला चिकटते. हात ते काम डोक्याला न विचारता करत होता. रोजच्या सरावात घाम नव्हता, म्हणून पिठीही नव्हती. पन्नास बायका बघायला बसल्या, तळहाताला घाम सुटला, आणि हात आपणहून ताटात गेला.

"पण मागच्या वर्षी?" निकिताने विचारलं. "तिथे कुठे ताट होतं?"

आता भागुबाई खाली बघत म्हणाली, "पुडी मी दिली व्हती. टीव्हीवर त्या परदेशी पोरी नाय का, दांड्यावर लटकतात, हाताला पांढरं फासून. म्हटलं आपल्याकडं पिठी हायेच. तांदळाची, दोनदा चाळलेली." तिने मान वर केली. "म्हंजे ते टाके मी पाडले व्हय?"

"तूच ती!" मावशी म्हणाली. "वर्षभर मी सतरंजीला शिव्या घालतेय!"

सगळ्या हसल्या, मावशीसुद्धा, आणि त्या हसण्यातच निकिताने संतोषला गाठलं. "दादा, बोली हात घसरण्याची होती. ते पिठीवरून घसरले. मला चार दिवस द्या. चार दिवसांनी पुन्हा पन्नास बायका बसवू. घसरली तर मीच नाव काढते." संतोषने आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती. "चार दिवस," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर तिने पुन्हा फळी लावली. निळ्या मॅटवर पिठी: चौदा अंश. चौदा! दर्भापेक्षाही कमी! त्या पोरी लावतात ते पांढरं खनिज घाम शोषून हात धरतं. पिठीचे बारीक कण मात्र गोट्यांसारखे खाली गडगडतात. ती तीनदा मोजून नाचायच्या बेतात होती, तेवढ्यात मनात आलं, पिठी नाही लावली तरी घाम येणारच ना? तिने चामडं मिठाच्या पाण्यात बुडवून पिळलं आणि वजन ठेवलं.

एकवीस.

निकिताने चामडं उचलून बघितलं. निळी मॅट पाणी पीतच नव्हती. घाम वर तरंगत राहायचा आणि हात त्याच्यावर. आठवडाभर तिने कोरड्या चामड्याचा अभ्यास केला होता, आणि स्पर्धेत कोरडा हात कुणाचाच नसतो. चूक भागुबाईची होती तितकीच तिची होती. अठराशेची काळी मॅट डोळ्यांसमोर आली. ती ओल्या हाताला चालली असती की नाही, हेही तिने मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण एप्रिल म्हणजे पापडांचा हंगाम. समाजमंदिरात काम चालूच होतं. निकिता भिंतीला टेकून हताश बसली होती. समोर भागुबाई आपली बैठक मांडत होती. पाट, ताट, पिठी, लाट्यांचा डबा. मग तिने जुन्या पंच्याचा एक तुकडा पाण्यात बुडवला, पिळला, फरशीवर पसरला, आणि त्यावर पोळपाट ठेवून दोन्ही हातांनी दाबला. लाटणं फिरायला लागलं. फरशी गुळगुळीत, लाटणं जोरात, पण पोळपाट जागचा हलेना.

निकिता लहानपणापासून हे बघत आली होती. तिच्या आईच्या ओट्यावरही तेच. इतकी वर्षं बघून तिने ते कधी बघितलंच नव्हतं.

"भागुमावशी, ते फडकं ओलं कशाला?"

"कोरडं ठेवलं तर पोळपाट नाचंल की. येवढं बी कळत नाय अन् म्हणे पदवी!"

"आणि पिठी?"

"लाटी सरकायला."

"लाटी सरकायला पिठी," निकिता उभी राहत म्हणाली, "आणि पोळपाट धरून ठेवायला ओलं फडकं! आपण मावशीच्या हाताला लाटी समजत होतो. हात म्हणजे पोळपाट आहे! भागुमावशी, पोळपाट!"

"उन्हानं झालं वाटतं हिला," भागुबाई बाकीच्यांना म्हणाली. पण फडकं तिने काढून दिलं.

निकिता सायकल दामटत कारखान्यात गेली. पहारेकऱ्याला पाच मिनिटं सांगून तासभर आत बसली. कोरडा पंचा, कोरडं चामडं: सव्वीस. ओलसर पंचा, ओलं चामडं: सदतीस! सुती धागा घाम पिऊन टाकत होता, आणि ओला झाला की आणखी घट्ट धरत होता. एकच भीती उरली, पंचाच फरशीवरून सरकला तर? तिने पंचा निळ्या मॅटवर ठेवला आणि जॅक फिरवला. चाळीस अंशांपर्यंत पंचा मॅटला सोडायला तयार नव्हता. म्हणजे निळी वाया गेली नव्हती! तिची जागा फक्त चुकली होती. खाली निळी, वर ओला पंचा. भद्रकालीत नवा जाडाभरडा पंचा पस्तीस रुपयांना मिळाला. एकूण तीनशे पंच्याहत्तर. उरलेल्या पैशांतून मावशीने सगळ्यांना उसाचा रस पाजला.

आता उरला होता मावशीचा उजवा हात. तो काही प्रयोगाने ऐकणारा नव्हता.

"हात ताटाकडे जाणारच," मावशी म्हणाली. "मी कितीही नको म्हटलं तरी जाणार. त्याचं डोकं वेगळं हाय."

"जाऊ दे," निकिता म्हणाली. "आपण ताटच बदलू." जिथे पिठीचं ताट असायचं, बरोबर त्याच जागी तिने पाण्याचा वाडगा ठेवला. हात गेला की पाण्यात जायचा. मग पंच्यावर दाबून टिपायचा, आणि वर. चार दिवस, रोज वीस वेळा. चौथ्या दिवशी पन्नासच्या जागी सत्तर बायका आल्या. मावशी बावीस सेकंद हवेत राहिली. संतोषने पंचा उचलून स्वतः धुतला आणि दोरीवर टाकला.

स्पर्धा गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या सभागृहात होती. फरशी आरशासारखी. मावशीचं नाव पुकारलं गेलं. तिने मॅट पसरली, पंचा पसरला, वाडगा उजवीकडे ठेवला. तीन परीक्षकांतले सर्वांत वयस्कर, व्यायामशिक्षक असावेत असे गृहस्थ, खाली उतरून आले.

"बाई, हे काय? ओलं फडकं?"

मावशी गडबडली. निकिता रांगेतून उठली. "सर, नियमात 'स्वतःचं आसन' एवढंच लिहिलंय. चिकट काही लावलेलं नाही. फक्त पाणी आहे. हवं तर बघा."

त्यांनी गुडघा टेकून पंचा हाताने ढकलून बघितला. पुन्हा, जोर लावून. मग त्यांची भुवई वर गेली. "हे कुणी सुचवलं?"

"पोळपाटानं," मागून भागुबाई म्हणाली. तिने स्वतःसाठी दुखऱ्या गुडघ्यांखाली घालायला ती बारा मिलिमीटरची जाड फोमची मॅट घेतली होती आणि सभागृहात तिच्यावरच ऐसपैस बसली होती. परीक्षकांना उत्तर कळलं नाही, पण ते हसून जागेवर गेले. "चालू द्या."

सभागृह शांत झालं. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "हीच ना ती मोर?" निकिताला ते ऐकू आलं, म्हणजे मावशीलाही आलं असणार. मावशीने तळहात पुसले, पुन्हा पुसले. कपाळ चमकायला लागलं. आणि मग तिचा उजवा हात, डोळे समोर असताना, डोक्याला न विचारता, बाजूला गेला.

निकिताने श्वास धरला.

हात वाडग्यात बुडाला. बाहेर आला. दोन्ही तळवे पंच्यावर दाबले गेले, एकदा, घट्ट. बोटं पायांकडे वळली. कोपरं आत गेली. आणि शकुमावशी जमिनीवरून सुटली.

एक. दोन. मागच्या वर्षी ती इथेच पडली होती. तीन. दंडाच्या शिरा ताठ झाल्या. पाच. पंचा हलला नाही. दहा. स्पर्धेच्या नियमाचे दहा सेकंद झाले! पंधरा. निकिता उभी होती आणि आपण उभे आहोत हे तिला माहीत नव्हतं. वीस. परीक्षकांनी घड्याळावरून मान वर केली. पंचवीस! संतोष मोठ्याने मोजत होता, आणि त्याच्याबरोबर अर्धं सभागृह मोजत होतं. एकोणतीस, तीस, एकतीस...

"अगं उतर आता, शके!" भागुबाई ओरडली. "पापड वाळत घालायचेत!"

मावशी हसली आणि हसल्यामुळेच खाली आली. पण गुडघ्यांवर, हवी तशी, सावकाश. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ती थोडा वेळ तशीच बसून धापा टाकत राहिली. मग पंच्यावरचे आपले तळहात उचलून तिने ते आधी निकिताला दाखवले, लांबूनच, आणि मग संतोषला. ओले होते. जिथे ठेवले होते तिथूनच उचललेले होते.

"मोज," ती संतोषला म्हणाली आणि हनुवटी पुढे केली. "किती टाके पडले?"